एवढ्याशा बेटांवर एवढे विषय कसे? हवाईच्या युनिव्हर्सिटीबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: युनिव्हर्सिटी ऑफ हवाईच्या संशोधनाची यादी चाळली तर ताऱ्यांपासून गोगलगाईंपर्यंत काहीही सापडतं, खगोलशास्त्र, अळूच्या जाती, कॅन्सर, भाषा, कम्प्युटर नेटवर्क, खोल समुद्र. हे सगळं तिथेच का, यामागे काही सूत्र आहे का, आणि पीएचडीला तिथे गेलं तर "बेटावरची युनिव्हर्सिटी" असा शिक्का बसून पुढे अडचण येते का.

मी समुद्राच्या पाण्याच्या केमिस्ट्रीत वीसेक वर्षं काम करतेय आणि त्यातली बरीच वर्षं हवाईच्या आसपासच्या पाण्यात गेली, त्यामुळे समुद्राबद्दल जास्त लिहिलं जाणार हे आधीच सांगते.

सूत्र आहे. पण विषयांची नावं एकाखाली एक मांडून ते सापडत नाही, प्रत्येक कामाच्या मागचा मूळ प्रश्न काय होता ते बघावं लागतं. तिथलं जे काम जगभर गाजलं त्यातलं बहुतेक अशा प्रश्नातून आलंय जो त्या जागेनेच माणसांच्या पुढ्यात आणून टाकला. बहुतेक म्हणतेय, सगळं नाही, अपवाद पुढे सांगते. १९०७ साली शेतकी आणि यंत्रविद्येचं एक लहान कॉलेज म्हणून ती सुरू झाली, १९२० ला युनिव्हर्सिटी झाली, आज दहा कॅम्पस आहेत वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेले, मुख्य कॅम्पस ओआहू बेटावर होनोलुलूच्या मानोआ खोऱ्यात. तिथून सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ ३,८५० किलोमीटर. हे अंतर डोक्यात ठेवा, पुढचं बरंचसं त्यातूनच येतं.

कम्प्युटरपासून सुरुवात करते, कारण बेट आणि इंटरनेट यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे नॉर्मन अब्रामसन नावाचे प्रोफेसर होते, सर्फिंगच्या ओढीने हवाईत आलेले आणि मग तिथेच राहिलेले. मोठा कम्प्युटर ओआहूवर, बाकीचे कॅम्पस दुसऱ्या बेटांवर, मधे समुद्र, आणि टेलिफोनच्या लाइनी महागही आणि भरवशाच्याही नाहीत. मग त्यांनी आणि त्यांच्या टीमने रेडिओ वापरायचं ठरवलं. अडचण अशी की रेडिओची वाट एक आणि बोलणारे अनेक, दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं वाया. नेहमीची रीत म्हणजे प्रत्येकाला आपापला वेळ वाटून द्यायचा, पण टर्मिनलवर बसलेला माणूस बराच वेळ विचार करतो आणि मग एक ओळ टाइप करतो, त्याच्यासाठी राखलेला वेळ बहुतेक रिकामाच जातो. यांनी उलटं केलं. ज्याला पाठवायचंय त्याने कुणाला न विचारता पाठवून टाकायचं, पोचपावती आली तर झालं, नाही आली तर वाटेत टक्कर झाली असं धरायचं आणि थोडं थांबून परत पाठवायचं, फक्त ते "थोडं थांबणं" प्रत्येक वेळी चिठ्ठी उचलल्यासारखं वेगळं हवं, नाहीतर तेच दोघं परत त्याच क्षणी आदळणार. बस, एवढंच. जून १९७१ ला हे नेटवर्क, अलोहानेट, चालू झालं, सेकंदाला ९,६०० बिट्सच्या वेगाने. गणित मांडलं तर या पद्धतीत वाटेचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होतो, सगळ्यांना ठरलेल्या ठोक्यावरच पाठवायला लावलं तर ३७ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे कागदावर बघितलं तर चक्क उधळपट्टी. पण मधे कुणी वाटप करणारा लागत नाही, नवीन माणूस जोडला तरी आधीच्यांना काही बदलावं लागत नाही, आणि हाच गुण पुढे लाखमोलाचा ठरला. इंजिनिअर बॉब मेटकाफने अब्रामसनचा पेपर वाचला, त्यातल्या उणिवा दूर केल्या, आणि १९७३ ला इथरनेट, म्हणजे जवळजवळचे कम्प्युटर तारेने जोडायची पद्धत, आलं, ज्याचं अगदी पहिलं नाव "ऑल्टो अलोहा नेटवर्क" होतं. आजसुद्धा तुमचा मोबाइल टॉवरला पहिली हाक मारतो ती साधारण याच तत्त्वावर. ज्या ठिकाणी चांगल्या तारा आधीच टाकलेल्या होत्या तिथे हा प्रश्न कुणाला एवढा टोचलाच नसता.

आता समुद्र. ओआहूच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर समुद्रात एक जागा आहे, स्टेशन अलोहा. तिथे काहीही नाही, खांब नाही, बेट नाही, नुसतं निळं पाणी आणि खाली ४,७५० मीटरवर तळ. ऑक्टोबर १९८८ पासून जवळजवळ दर महिन्याला बोट तिथे जाते आणि तेच तेच मोजते. तीनशेच्या वर फेऱ्या होऊन गेल्या. तिथेच का, तर खंडाच्या किनाऱ्याला उथळ पट्टा असतो, नद्या गाळ आणून टाकतात, खरा मोकळा महासागर गाठायला बोटीला खूप लांब जावं लागतं, आणि ज्वालामुखीतून उभ्या राहिलेल्या बेटाला तो पट्टा जवळजवळ नसतोच, बंदरातून निघालं की काही तासांत तुम्ही पॅसिफिकच्या पोटात असता.

मोजायचं म्हणजे काय ते सांगते. गोल लोखंडी चौकटीवर २४ लांबट बाटल्या उभ्या बसवलेल्या असतात, दोन्ही तोंडं उघडी, मधोमध तापमान, क्षार आणि खोली मोजणारी यंत्रं. केबलवरून हे सगळं तळापर्यंत सोडायचं आणि वर घेताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करत यायचं, पूर्ण फेरीला तीन-चार तास सहज जातात, बऱ्याचदा मध्यरात्री. वर आलं की डेकवर हवा दमट आणि उबदार, आणि खालच्या बाटलीला हात लावला तर फ्रिजमधून काढल्यासारखी गार, कारण तळाचं पाणी दीड अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि त्या पाण्याने हजारेक वर्षं सूर्य बघितलेला नसतो. मग रांग लागते आणि रांगेचा क्रम कडक, ऑक्सिजनवाला पहिला, कारण बाटली उघडली की हवेशी देवाणघेवाण सुरू. रबराची नळी लावायची, नळीतले बुडबुडे चिमटीत दाबून घालवायचे, काचेच्या कुपीत तळापासून पाणी भरत आणायचं आणि ओसंडू द्यायचं, मग दोन रसायनं टाकायची, बूच लावायचं, हलवायचं, आणि तपकिरी गाळ ढगासारखा खाली बसताना दिसतो, जेवढा ऑक्सिजन जास्त तेवढा रंग गडद. त्यानंतर माझा नंबर, कार्बनचा. त्या बाटलीत मर्क्युरिक क्लोराइड टाकून आतले सगळे सूक्ष्म जीव मारावे लागतात, नाहीतर ते बाटलीत श्वास घेत बसतात आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत आकडा बदललेला असतो.

हे काम कंटाळवाणं आहे का, तर हो, आणि तरीही माझ्या मते अख्ख्या युनिव्हर्सिटीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. कारण वरच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप, तो खाली आला म्हणजे आम्लता वाढली) दर वर्षी साधारण ०.००२ एवढाच खाली येतो. एका फेरीत, एका वर्षात, अगदी एका पीएचडीच्या मुदतीतसुद्धा हे छातीठोकपणे सांगता येत नाही, ऋतूंच्या चढउताराखालीच झाकलं जातं. वीस वर्षांचा डेटा समोर ठेवला तेव्हा ती उतरती रेष कुणालाही दिसेल अशी उभी राहिली. आणि योगायोग बघा, त्याच बेटांपैकी हवाई बेटावर (राज्याच्याच नावाचं, सगळ्यात मोठं बेट) मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातोय, ते काम चार्ल्स कीलिंगनी सुरू केलं, ते कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचे, युनिव्हर्सिटी ऑफ हवाईचे नाहीत, पण दोन्ही रेषा एका कागदावर काढल्या की हवेतला वायू वर जातोय आणि समुद्राचा पीएच खाली, हे कुठलंही भाषण न करता दिसतं. जगात समुद्राच्या आम्लीकरणावर जिथे जिथे बोललं जातं तिथे ही जोडी दाखवतात.

खगोलशास्त्राचं कारण तुम्हाला ठाऊक असेलच. हवाई बेटावरचा मौना केआ डोंगर ४,२०५ मीटर उंच, ढगांचा थर बहुतेक वेळा खालीच राहतो, वरची हवा कोरडी आणि स्थिर, आसपास मोठ्या शहरांचा उजेड नाही. १९९२ ला डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांनी युनिव्हर्सिटीच्याच २.२ मीटरच्या दुर्बिणीतून नेपच्यूनच्या पलीकडची पहिली छोटी वस्तू शोधली (प्लूटो आणि त्याचा चंद्र सोडून), आणि सूर्यमालेच्या कडेला असा अख्खा पट्टा आहे हे पक्कं व्हायला सुरुवात झाली. मग १९ ऑक्टोबर २०१७ ला माउई बेटावरच्या हालेआकाला डोंगरावरून युनिव्हर्सिटीच्या पॅन-स्टार्स या आकाश चाळणाऱ्या दुर्बिणीने सूर्यमालेच्या बाहेरून आलेली पहिली वस्तू पकडली. तिचं नाव ओउमुआमुआ, लांबून सगळ्यात आधी आलेला दूत असा काहीसा अर्थ. हे नाव दुर्बिणीवाल्यांनी आपल्या मनाने ठेवलं नाही, हवाईयन भाषेच्या जाणकारांना विचारून ठेवलं, त्यात हवाई बेटावरच्या हिलो कॅम्पसचे लॅरी किमुरा होते, आणि २०१९ ला कृष्णविवराचा पहिला फोटो आला तेव्हा त्याला "पोवेही" हे नाव सुचवणारेही तेच, सृष्टीच्या उत्पत्तीच्या जुन्या हवाईयन स्तोत्रातून घेतलेलं.

इथे भाषेच्या विभागाकडे वळते, कारण माझ्या मते यादीतला सगळ्यात कमी लेखला जाणारा विभाग हाच. १८९६ च्या कायद्याने शाळेत इंग्रजी हेच माध्यम ठरलं आणि हवाईयन भाषा घराघरातून आटत गेली. १९८० च्या सुमाराला नीहाऊ हे एक छोटं बेट सोडलं तर अस्खलित बोलणारी मुलं पन्नासही उरली नव्हती असं सांगतात. १९८४ ला पालक आणि शिक्षकांनी मिळून पूनाना लेओ नावाच्या बालवाड्या काढल्या, जिथे दिवसभर फक्त हवाईयनच बोलायचं, आणि १९९७ ला हिलोला हवाईयन भाषेचं स्वतंत्र कॉलेज झालं, जिथे वरच्या पदव्यांचं कामसुद्धा त्या भाषेत होतं. हे "संस्कृती जपणे" एवढ्यात मोजू नका. नवे शब्द घडवणं, शिक्षक तयार करणं, पाठ्यपुस्तकं लिहिणं, मूल दोन भाषांत कसं वाढतं ते वर्षानुवर्षं बघणं, हे कष्टाचं आणि काटेकोर संशोधन आहे, जगभरातल्या विझत चाललेल्या भाषांची माणसं ते शिकायला तिथे येतात.

आणि त्या भाषेत वर्तमानपत्रं होती. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेतली साधारण शंभर वर्तमानपत्रं निघाली, सव्वा लाखाच्या आसपास पानं. बातम्या, गाणी, वंशावळी, मासेमारीच्या जागा, पाऊस, भूकंप, सगळं. बराच काळ शास्त्रज्ञ ती उघडतच नव्हते कारण वाचता येत नव्हती. आता हे ऐका. हवाई बेटाला मोठं चक्रीवादळ धडकत नाही, उंच ज्वालामुखी त्याला अडवतात, असं तिथे लोक सर्रास मानत. हवामानशास्त्राच्या आणि हवाईयन भाषेच्या माणसांनी एकत्र बसून जुने अंक वाचले तर ९ ऑगस्ट १८७१ च्या वादळाची वर्णनं सापडली, कुठल्या गावात वारा आधी कुठल्या दिशेने आला, मग कधी फिरला, कुठली घरं आणि चर्च पडली, कुठली झाडं उपटली गेली. वारा कुठे कसा फिरला यावरून वादळाचं केंद्र कुठून गेलं ते काढता येतं, आणि किती पडझड झाली यावरून जोर किती होता ते. हवाई बेट आणि माउई दोन्हींना वादळाने झोडपलं होतं, आणि तेही पाचांपैकी किमान तिसऱ्या श्रेणीच्या. २०१८ ला हे प्रसिद्ध झालं. म्हणजे ज्या धोक्याची नोंदच नाही असं सगळे धरून चालले होते, त्याची नोंद होती, छापलेली होती, फक्त त्या बेटांच्या स्वतःच्या भाषेत होती. हवामान विभागाचा माणूस भाषा विभागाच्या दारात का गेला याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका, तिथे जायचा विचार करताय तर हे माहीत असायलाच हवं. कालो म्हणजे आपलं अळूच, त्याच जातीचं. हवाईयन लोकांच्या कथेत पहिलं मूल मेलेलं जन्मतं, त्याला पुरतात, त्या जागी अळू उगवतं, आणि नंतर जन्मलेलं दुसरं मूल म्हणजे पहिला माणूस. म्हणजे अळू माणसाचा थोरला भाऊ. तर युनिव्हर्सिटीतल्या एका शास्त्रज्ञाने पानांवरच्या करपा रोगाला दाद न देणारे अळूचे संकर तयार केले, त्यातल्या तिघांवर २००२ ला पेटंट मिळालं. संकर चांगले होते, रोगही खरा होता, शेतकऱ्यांचं नुकसानही खरं. पण थोरल्या भावाची मालकी कुणाकडे असूच कशी शकते, आणि हजार वर्षं ज्यांनी जाती निवडून निवडून जपल्या त्यांनी आता परवान्याचे पैसे भरायचे का, यावर २००६ ला शेतकरी आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी युनिव्हर्सिटीने तिन्ही पेटंट सोडून दिली. मला हा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्यापेक्षा जास्त असं वाटतं की संकर करायच्या आधी ते बोलणं झालं असतं तर चांगलं काम बदनाम झालं नसतं.

मौना केआचं प्रकरण याहून खोल. शिखरावरची जमीन युनिव्हर्सिटीला १९६८ पासून ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळाली, तो २०३३ ला संपतो. त्या डोंगरावर पूर्वजांची स्थानं आहेत, तो पवित्र मानतात, आणि तिथे एकामागून एक दुर्बिणी उभ्या राहिल्या. ३० मीटरची नवी दुर्बीण बांधायला निघाले तेव्हा २०१५ ला आणि परत २०१९ ला लोकांनी रस्ता अडवला, जुलै २०१९ ला म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना ते कूपुना म्हणतात, पोलिसांनी उचलून नेलं, आणि ते बघून युनिव्हर्सिटीच्या आतही माणसं दुभंगली. २०२२ ला कायदा करून डोंगराच्या कारभारासाठी नवीन मंडळ नेमलं गेलं ज्यात मूळ हवाईयन लोकांना जागा आहे. मी शास्त्रज्ञ आहे, मोठी दुर्बीण काय दाखवू शकते त्याची मला ओढ आहे, आणि तरीही "विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा" असं जे चित्र रंगवलं जातं ते मला मान्य नाही. भांडण ताऱ्यांवरून नव्हतं, न विचारता वापरलेल्या जमिनीवरून होतं.

जीवशास्त्रावर खरं तर वेगळं उत्तर लिहावं लागेल. अशी लांब पडलेली बेटं म्हणजे जिथे चुकून पोचलेला एखादा जीव फुटून फुटून शेकडो जाती होतो, फळमाश्यांच्या जवळच्या नात्यातल्याच तिथे हजारच्या आसपास जाती असाव्यात, १९६३ पासून त्यांच्यावर काम चाललंय. एक उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या उथळ वाळूत अंगठ्याएवढा एक स्क्विड राहतो, दिवसभर वाळूत पुरून घेतो, रात्री शिकारीला निघतो. चांदण्यात खालून बघणाऱ्या माशाला त्याची सावली दिसायला नको म्हणून तो पोटाकडून तेवढाच उजेड पाडतो, आणि हा उजेड त्याचा स्वतःचा नाही, त्याच्या अवयवात राहणाऱ्या बॅक्टेरियांचा. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्यात ते नसतात, समुद्राच्या पाण्यातल्या लाखो जिवांतून नेमकी ती एकच जात काही तासांत आत घेतो, आणि रोज पहाटे त्यातले ९० टक्क्यांच्या वर बाहेर टाकून देतो, उरलेले संध्याकाळपर्यंत परत वाढतात. मार्गारेट मॅकफॉल-एनगाई आणि एडवर्ड रुबी यांनी यावर काम केलं, त्यातला काही काळ हवाईतच. आपल्या आतड्यातले बॅक्टेरिया आणि आपलं शरीर एकमेकांशी कसे बोलतात हे समजायला हा स्क्विड फार उपयोगी पडला, कारण इथे जोडी एकास एक आहे, गर्दी नाही.

दुसरी बाजूही आहे. झाडावरच्या गोगलगाईंच्या एका जातीचे शेवटचे दहा जीव १९९७ ला जंगलातून युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आणले, पिल्लं झाली, पण एकेक करत गेली. शेवटचा उरला त्याचं नाव जॉर्ज, लॅबमध्येच जन्मलेला, दोनेक सेंटिमीटरचा, जोडीदार शोधायला माणसं वर्षानुवर्षं जंगलात फिरली, मिळाला नाही, आणि १ जानेवारी २०१९ ला तो गेला. त्या बेटांवर जीवशास्त्र करणाऱ्यांच्या वाट्याला हे येतं, तुम्ही ज्याच्यावर थिसिस लिहिताय तो थिसिस संपायच्या आत नाहीसा होऊ शकतो. याची मनाची तयारी कुठल्याच कोर्समध्ये करून देत नाहीत.

पपईचं मात्र चांगलं झालं. १९९२ ला हवाई बेटाच्या पुना भागात, जिथे त्या राज्याची बहुतेक पपई पिकायची, रिंगस्पॉट व्हायरस शिरला आणि काही वर्षांत उत्पादन अर्ध्यावर आलं. कॉर्नेल युनिव्हर्सिटीचे डेनिस गोन्साल्व्हिस, जे मूळ हवाईचेच, आणि युनिव्हर्सिटी ऑफ हवाईचे रिचर्ड मॅनशार्ट यांच्या टीमने व्हायरसच्याच आवरणाचं जीन पपईत घालून तिला दाद न देणारी केलं, १९९८ ला बी शेतकऱ्यांना वाटलं, पीक वाचलं. जीएम पिकांबद्दल तुमचं मत काहीही असो, ही कंपनीने नफ्यासाठी आणलेली गोष्ट नव्हती. २००८ ला याच पपईचा जीनोम वाचला गेला, त्यात पुढे होते मकसुदुल आलम, बांगलादेशातून आलेले, ज्यांनी नंतर आपल्या देशात जाऊन तागाच्या जीनोमचं काम उभं केलं.

कॅन्सरचंही तसंच, ऊसमळ्यांवर राबायला चीन, जपान, पोर्तुगाल, कोरिया, फिलिपिन्समधून माणसं आणली गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं आज एकाच गावात राहतात, त्यामुळे कुणाला कशाने रोग होतो याची तुलना तिथे करता येते. १९९३ ते १९९६ मध्ये हवाई आणि लॉस एंजेलिसमधल्या २ लाख १५ हजारांवर लोकांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला, आणि त्यातून एक गोष्ट अशी दिसली की दिवसाला तेवढ्याच सिगारेटी ओढल्या तरी मूळ हवाईयन आणि आफ्रिकन अमेरिकन लोकांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका गोऱ्या किंवा जपानी वंशाच्या लोकांपेक्षा जास्त. त्याच मळ्यांवर एक मिश्र भाषाही जन्मली, भाषाशास्त्रात मूल भाषा कशी घडवतं यावर जो मोठा वाद झाला त्यातला बराचसा तिच्यावरूनच.

आता अपवाद. ३ ऑक्टोबर १९९७ ला तिथे क्युम्युलिना नावाची उंदरी जन्मली, पूर्ण वाढ झालेल्या उंदराच्या पेशीपासून क्लोन केलेला पहिला उंदीर. र्‍यूझो यानागिमाची यांच्या लॅबमध्ये तेरुहिको वाकायामा यांनी हे केलं. याचा बेटाशी काही संबंध नाही, फलनाची क्रिया समजून घेण्यात आयुष्य घातलेला एक माणूस १९६६ पासून तिथे टिकून राहिला, त्याच्याभोवती हाताने बारीक काम करणारी माणसं जमत गेली, एवढंच कारण. चांगला माणूस एका जागी दीर्घकाळ बसला तर तीही जागा होते.

आता तुमचा करिअरचा प्रश्न. शिक्का बसतो का? तुमचा प्रश्न तिथलाच असेल तर मुळीच नाही, उलट महासागर, ज्वालामुखी, प्रवाळ, ग्रहविज्ञान, भाषा-पुनरुज्जीवन यांत तिथून आलेला माणूस आहे म्हटलं की लोक नीट ऐकतात. पण जो विषय कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये दहापट माणसं घेऊन चाललाय तो तिथे जाऊन करायचा असेल तर शंभरदा विचार करा, राहायचा खर्च भयंकर आहे, कॉन्फरन्सला जायचं तर पाच-सहा तासांचं विमान पकडल्याशिवाय जमीन दिसत नाही, एखादा सुटा भाग बिघडला तर तो येईपर्यंत प्रयोग बंद. मी एका प्रोजेक्टमध्ये अशाच एका पंपासाठी आठवडेच्या आठवडे बसून काढलेत.

गाइडला मेल करताना रँकिंगबद्दल विचारू नका. बोटीचे दिवस मंजूर झालेत का, पुढच्या किती वर्षांसाठी, आधीच्या विद्यार्थ्यांना फील्डच्या परवानग्या मिळायला किती वेळ लागला, आणि ज्या गावात काम चालतं तिथल्या लोकांशी लॅबचं बोलणं कुणामार्फत आणि कधीपासून आहे, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो गाइड गडबडतो त्याच्याकडे मी तरी जाणार नाही. जंगलात काम असेल तर बुटांचे तळवे घासून त्यांवर ७० टक्के अल्कोहोल मारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, ओहिआ नावाची तिथल्या जंगलातली झाडं ज्या बुरशीने पटापट मरताहेत ती बुटाच्या मातीतून पसरते, आणि तुमच्या नमुन्यापेक्षा ते झाड मोठं आहे.

आणि विषय कुठलाही असो, पहिल्याच सेमिस्टरला हवाईयन भाषेचा वर्ग घ्या. माझ्या ओळखीत किनाऱ्याखालून समुद्रात झिरपणाऱ्या गोड्या पाण्यावर काम करणारे लोक आहेत. "वाई" म्हणजे गोडं पाणी, वाइकीकी म्हणजे उसळणारं पाणी, आज तिथे सगळी हॉटेलं आहेत पण नाव पडलं तेव्हा झरे होते. अशी नावं किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलेली आहेत, आणि ती वाचता येणारा विद्यार्थी पहिला नमुना कुठे घ्यायचा हे नकाशा बघूनच ठरवतो.